४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स टाकावं, आणि वर्ड, एक्सेल, फोटोशॉपऐवजी काय वापरावं?

लिनक्स मिंट टाका, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. ती उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे, त्यामुळे ५ वर्षं अपडेट मिळतात. फेडोरा हे लिनक्सही उत्तम, पण त्याची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि त्याचा नेहमीचा डेस्कटॉप ग्नोम ४ जीबीत जड जातो. आर्च या बरंच काही हाताने जुळवाव्या लागणाऱ्या लिनक्सच्या नादी एवढ्यात लागू नका.

डिस्ट्रोपेक्षा, म्हणजे लिनक्सच्या प्रकारापेक्षा, जास्त विचार सॉफ्टवेअरचा करा. वर्डच्या जागी लिबरऑफिस रायटर सहज चालतं. मजकूर इकडेतिकडे सरकला तर बहुतेक वेळा दोष फॉन्टचा असतो. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो वापरला की ओळी जागेवर राहतात, कारण दोन्हींच्या अक्षरांची रुंदी सारखी आहे. एक्सेलची गोष्ट वेगळी. सूत्रं, पिव्होट टेबल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये चालतात, पण व्हीबीए मॅक्रोंची (एक्सेलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमची) खात्री देता येत नाही आणि पॉवर क्वेरी (बाहेरचा डेटा आणून साफ करायची एक्सेलची सोय) तर विसराच. ऑफिसचं काम त्यावरच अडलेलं असेल तर विंडोज शेजारी राहू द्या, ड्युअल बूट करा, म्हणजे लॅपटॉप सुरू करताना दोन्हींतलं एक निवडता येईल.

फोटोशॉपसाठी गिंप. २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून फिल्टर मूळ चित्राला धक्का न लावता लावता येतात, ही मोठी सोय झाली. छपाईसाठी थेट सीएमवायके या छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत काम करायचं असेल तर मात्र क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर पाहा.

लिबरऑफिस, गिंप आणि क्रिटा तिन्ही विंडोजवरही फुकट चालतात. आधी तिथेच तुमच्या नेहमीच्या फाइल उघडून बघा. मग मिंट पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वाय-फाय, आवाज तपासा, आणि बॅकअप घेतल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नका.