उत्तर: उपकेंद्रात डॉक्टर नाही, मग सासूबाईंचं बीपी-शुगर तिथे बघावं का?

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या आईचा सगळा प्रकार आठवला. सासूबाई राजापूरकडे गावी एकट्या, बीपी-शुगर दोन्ही, आणि उपकेंद्रात ‘नुसत्या सिस्टर’ म्हणून तुम्ही त्यांना दर महिन्याला शहरात पाठवताय. माझं मत विचाराल तर ही पाठवणी बंद करा. (मी डॉक्टर नाही, लांज्याकडच्या एका उपकेंद्राचा अनुभव सांगतोय.)

तुमचं उपकेंद्र आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असेल, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांची तपासणी आणि औषधं गावातच मिळावीत म्हणून वाढवलेलं सरकारी उपकेंद्र. तिथल्या सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, उपकेंद्र सांभाळणाऱ्या) नर्सिंगच्या किंवा आयुर्वेदाच्या, वर सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या असतात. औषध सुरू करायचं ते पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांनी, पुढे तपासून गोळ्या द्यायच्या यांनी. अडलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ल्याच्या सोयीवर, डॉक्टर असतात.

आमचं घोडं पेंड खाल्लं ते शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात. नाव घेत नाही. आईने मुंबईच्या डॉक्टरांचे कागद पुढे केले, तर ‘बाहेरचे कागद इथे चालत नाहीत.’ नवा केसपेपर, नव्या गोळ्या. जुन्यांचं काय करायचं, कोणी बोललं नाही. पुढे पाय सुजायला लागले, तर सुजेची आणखी एक गोळी! ‘पुढची औषधं गावात मिळतील असं लिहून द्या’ म्हटलं, तर खिडकीतले साहेब मान वर न करता म्हणे, आमच्याकडे तशी पद्धत नाही. मग भर पावसात पहिली एसटी, दुपारपर्यंत रांग, हातात थोड्याशा गोळ्या. लिहिताना अजून डोकं फिरतं. दोन ओळी लिहायला काय जात होतं?

उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडमनी पहिल्याच दिवशी आईची पिशवी टेबलावर उपडी केली. एकेक पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. दोन पाकिटांवर कंपन्यांची नावं वेगळी, औषध दोन्हींत तेच, बीपीचं अ‍ॅम्लोडिपिन. त्या गोळीने काहींचे पाय सुजतात, इथे तर दुप्पट पोटात जात होती. पीएचसीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून त्यांनी एक बंद करून घेतली. ‘आजी, झोप लागते का?’ हेही त्यांनीच विचारलं. बाबा गेल्यापासून आई रात्र रात्र जागी असायची, आम्हा चाकरमान्यांना पत्ताच नव्हता.

तेव्हा सगळ्या गोळ्या, रिकामी पाकिटंसुद्धा, घेऊन सासूबाईंना एकदा पीएचसीत न्या. औषधांची नावं (कंपनीची नव्हेत) एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद उपकेंद्रात दाखवून नोंद करून घ्या. मनाने मात्र काही बंद करू नका.

सगळीकडे असंच असेल असं नाही. सीएचओंची पदं कंत्राटी, माणूस सोडून गेला की कुलूप. आधी आशाताईंना फोन करून कोण बसतं ते विचारा. आणि हो, भातलावणीच्या दिवसांत ताप आला तर घरच्या गोळीवर काढू नका, आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असतो. साप चावला तर उपकेंद्रात वेळ न घालवता थेट १०८.