इतिहासाच्या तासावरून झालेल्या वादासंबंधी एका तरुण शिक्षिकेस पत्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. महापालिकेच्या शाळेतील पालकसभेत इतिहासाच्या अभ्यासावरून एवढा वाद झाला, हे वाचून मला काळजीपेक्षा समाधानच अधिक वाटले. एरवी अशा सभांमधील चर्चा गणवेश, पोषण आहार आणि नळाचे पाणी यांवर सुरू होऊन गणित-इंग्रजीपाशी संपते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दोन्ही प्रश्नपत्रिकांत इतिहासाला जागाच नाही, त्यामुळे या विषयासाठी तावातावाने बोलणारा पालक मिळणे हे भाग्यच समज.

एका बाजूचे पालक म्हणतात की सगळ्यांना जागा देता देता पुस्तक पातळ झाले, तेव्हा सनावळ्या पक्क्या करून घ्या, नाहीतर आमची मुले स्पर्धेत मागे पडतील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की आमच्या आजोबांनी जे सोसले ते तुम्ही एका ओळीत उरकता, आणि पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागाकडून आलेल्यांच्या वाट्याला तर ती ओळही येत नाही. यांपैकी कोणाची बाजू घ्यावी, असे तू विचारले आहेस. माझ्या मते या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतच नाहीत, कारण काटेकोर अभ्यास करायचा तर एकाहून अधिक साक्षी लागतात, आणि साक्षी अनेक झाल्या की त्या तपासण्याची शिस्त अंगी बाणवावीच लागते. मात्र हे सभेत नुसते बोलून कोणाला पटणार नाही, ते करून दाखवावे लागेल.

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाक. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच समिती करते, पण पाठ्यपुस्तकातील धडे बदलण्याचा अधिकार तिला नाही. तो धडा वर्गात कसा शिकवायचा आणि त्यावर प्रश्न कोणते विचारायचे, हे मात्र बऱ्याच अंशी तुझ्या हातात आहे.

आता आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांकडे ये. सहावीत सातवाहन येतात, तेव्हा तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख मराठी भाषांतरात मुलांच्या हाती दे. शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा, क्षहरात हा शकांचा राजवंश निखंदून काढणारा, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा, अशी ती आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगते. हा लेख नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील आहे. म्हणजे एका आईने मागाहून कोरवून घेतलेली ही प्रशस्ती आहे. त्याच डोंगरावरील दहाव्या लेण्यात, ज्या वंशाचा असा निःपात झाला म्हणतात, त्याच वंशातील नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानांची यादी देतो. त्याने ३,००० कार्षापणे (त्या काळची नाणी) गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवली. त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापणे द्यावीत, असे तो सांगतो. मुलांना हे गणित करायला लाव. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ धरले तरी २४०च होतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्या वहीत जुळला, की दगडावरचा लेख हा पुरावा असतो हे निराळे सांगावे लागत नाही. तिसरी साक्ष १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडली: नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा उमटवलेला आपला छाप. आईची प्रशस्ती कुठवर खरी मानायची, हे मुलांनी या तिन्ही साक्षी शेजारी ठेवून लिहावे. पाठांतरापेक्षा हे काम किती अवघड आहे ते पहिल्या बाजूला दिसेल. शिवाय राणी, विणकर, भिक्षू आणि ‘परके’ शक ही सगळी माणसे कोणी मुद्दाम जागा न देता धड्यात आलेली असतील.

आठवीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि दांडीयात्रा १२ मार्चला निघाली. दहा दिवसांच्या अंतराने सुरू झालेल्या या दोन सत्याग्रहांत मागणी कोणाकडे होती आणि दार कोणी बंद केले होते, हा प्रश्न तू अवश्य विचार. (सनावळी पक्की नसेल तर हा प्रश्न सुचणारही नाही; तेवढ्यापुरते पहिल्या बाजूचे म्हणणे रास्त आहे, आणि तसे सभेत मोकळेपणाने मान्य कर.) दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने हा लढा काही वर्षे चालला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, मधल्या काळात मंदिरप्रवेशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कशी बदलत गेली, हे आठवीच्या मुलांना कळते. कोणाला वाईट वाटेल म्हणून यातले काही सौम्य करू नकोस. तुझ्या वर्गात तेव्हा दाराबाहेर बसलेल्यांची पतवंडे असतील आणि दार लावणाऱ्यांचीही असतील. म्हणून एकाच मुलाकडे पाहून ‘तू सांग’ असे कधीही म्हणू नकोस. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून येण्याचा अभ्यास सगळ्यांना सारखाच दे.

दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागेल. आपल्या माणसांचे नुसते गुणगान पुस्तकात यावे, अशी काहींची अपेक्षा असते. बलश्रीच्या लेखाला जी चाळणी लावली, तीच प्रत्येकाच्या आदरस्थानाला लागणार, आणि याला तुझ्या-माझ्या आदरस्थानांचाही अपवाद नाही.

पुढच्या सभेत भाषण करू नकोस. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि तू नव्याने काढलेली प्रश्नपत्रिका, अशा दोन्ही पालकांच्या हाती दे आणि अर्धा तास त्यांनाच सोडवू दे. लेण्यांच्या सहलीचा ठराव त्याच बैठकीत करून घे आणि दोन्ही बाजूंचे दोन-दोन पालक मुलांच्या देखरेखीला ने. पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा सकाळी लवकर निघा.

कळावे,
तुझे सर