रिपोर्टवर ‘जीन’ लिहिलंय, म्हणजे हे आमच्याकडून आलं का?

रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या आईवडिलांशी बोलणं हे माझं काम. एक प्रश्न मला सतत विचारला जातो. बहुतेक वेळा आईच विचारते, तेही नवरा औषधं आणायला खाली गेला की : "मॅडम, रिपोर्टात जीन खराब आलंय. म्हणजे माझ्याकडूनच आलं ना?"

हिंगोलीकडच्या एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा पाच वर्षांचा, आजार बी-सेल एएलएल, म्हणजे मुलांमध्ये होणारा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. रिपोर्टवर लिहिलेलं : ‘ईटीव्ही६-रनएक्स१ आढळले’. गावाकडून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्या खानदानात असलं कधी नव्हतं." तेव्हापासून त्या माउलीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. धाकटी मुलगी आजीपाशी होती. तिचंही जीन तपासून आणा, म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली होती.

मी रिपोर्ट दोघांच्या मध्ये ठेवला आणि दोन ओळींवर बोट ठेवलं. नमुना : बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज. तपासणी : आरएनए. "ताई, इथे तुमच्या घराण्याचं रक्त तपासलेलं नाही. आजारी पेशी आत्ता काय करतायत, ते मोजलंय."

वडील शेतकरी. त्यांना विचारलं, "दादा, तुमच्या शिवारात मोटारी किती विहिरींवर आहेत?"

"सगळ्यांच्याच."

"आणि आत्ता चालू किती?"

"लाइट असंल तेवढ्या."

जीनचंही तसंच. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जीन्स असतात, पण त्यातली काहीच चालू असतात. चालू असलेल्या जीनपासून आरएनए तयार होतो, आणि तो किती आहे हे प्रयोगशाळेत मोजतात. मुलाच्या एका रक्तपेशीत १२ आणि २१ क्रमांकाची गुणसूत्रं तुटली आणि एकमेकांना चुकीची जोडली गेली. त्या सांध्यावर जे जीन तयार झालं, तेच रिपोर्टवरचं ईटीव्ही६-रनएक्स१. ते चालूच राहिलं, आणि त्या पेशीच्या पिल्लावळीत उतरलं. हा सांधा आईच्या रक्तात नाही, वडिलांच्या नाही. मुलाच्या त्वचेतसुद्धा नाही.

इथे एक गोष्ट जपून सांगावी लागते. हा सांधा बऱ्याचदा बाळ पोटात असतानाच तयार होतो. ब्रिटनमधले संशोधक मेल ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांचे जन्मावेळी कागदावर वाळवून ठेवलेले रक्ताचे थेंब शोधून काढले, तर त्यांतल्या बऱ्याच थेंबांत तो आधीपासूनच होता. पण ‘पोटात’ हा शब्द ऐकला की आईला ग्रहण आठवतं, पपई आठवते. या बाईने तर सातव्या महिन्यातला एसटीचा प्रवास काढला. त्यामुळे लगेच पुढचं वाक्य बोलायचं असतं : ग्रहण, पपई, एसटी, कशाचाच यात हात नाही. पेशी विभागताना असं घडतं. हा सांधा घेऊन जन्मलेल्या बहुतेक बाळांना आजार कधीच होत नाही; जन्मानंतर त्या पेशीत आणखी बिघाड व्हावे लागतात.

मग भावंडाचं काय? जुळं एकसारखं असेल तर गोष्ट वेगळी, कारण एका वारेतून पेशी दुसऱ्या बाळाकडे जाऊ शकतात. काही थोड्या घराण्यांत कर्करोगाची प्रवृत्ती खरोखर वारशाने येते; म्हणूनच डॉक्टर घरातल्या आजारांची चौकशी करतात. या घरात तसं काही नव्हतं. धाकटीला धोका फार थोडा, आणि तिच्या तपासणीवर पैसे घालवायची गरज नाही, हे डॉक्टरांनीही त्यांना सांगितलं.

वडिलांना वेगळीच शंका होती : एकदा काढलं, मग पुन्हा मॅरो कशाला? पहिल्या महिन्याच्या औषधांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली आजार दिसेनासा झाला, तरी तो उरलेला असू शकतो. दहा हजार पेशींत एक आजारी पेशी असली तरी ती शोधायची असते. हे बऱ्याच ठिकाणी फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरच्या खुणा यंत्राने एकेक करून तपासून, करतात. सांध्याच्या आरएनएवरूनही करता येतं : त्याची डीएनए प्रत बनवायची, यंत्रात ती दर फेरीला दुप्पट होत जाते, आणि खूण जितक्या लवकर दिसेल तितका मूळ आरएनए जास्त. शेजारी एक स्थिर चालणारं जीन मोजतात, म्हणजे नमुना कमी आला म्हणून आकडा कमी दिसला, असं होत नाही. आरएनए लवकर विरतो, म्हणून जांभळ्या बुचाची ती नळी तातडीने प्रयोगशाळेत धाडतात. नळी हातात दिली तर वाटेत चहाला थांबू नका, एवढंच मी म्हणेन.

या मोजणीवर पुढची औषधं ठरतात. सांधा बीसीआर-एबीएल१ या दुसऱ्या प्रकारचा निघाला असता तर केमोबरोबर इमॅटिनिबसारखी गोळी सुरू झाली असती. या मुलाचा सांधा तुलनेने चांगल्या गटातला. तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ‘खराब जीन’पुढे ते कुणाच्या कानातच शिरलं नव्हतं.

मग तिने स्वतःच सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "मग पोरगं बरं व्हईल ना?" मी म्हटलं, आजी, एएलएलमधून बरीच मुलं बरी होतात. उपचार दोन-अडीच वर्षं चालतील, मधेच सोडायचे नाहीत. ताप आला तर गावच्या इंजेक्शनवर भागवायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा. आजींनी दवाखान्याचा नंबर लिहून घेतला.