साहेब पडले आणि आमच्या बास्केटबॉल टीमच्या नवीन कोचचं मानधन थांबलं, निवडणूक आयोगाकडे तक्रार करता येईल का?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे दिवाळीच्या आधी कॉलेजच्या टीमला नवीन कोच आले, त्यांचं मानधन कॉलेज नाही तर वॉर्डातून नगरसेवकपदाला उभे राहणारे एक साहेब देत होते, जर्सी आणि बॉलही त्यांचेच, 16 जानेवारी 2026 ला निकाल लागला, साहेब पडले, आणि आता कोच म्हणतायत की पैसे मिळत नाहीत तर मला जमणार नाही. हा पैसा निवडणूक खर्चात दाखवायला हवा होता का आणि तक्रार केली तर काही होईल का, हा तुझा प्रश्न.

काही होणार नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत मी बी.कॉम.ला होतो, कॉलेजच्या टीमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारा, होतो आणि संध्याकाळी आमच्या 'साहेबां'च्या संपर्क कार्यालयात बसून खर्चाची व्हाउचरं लिहायचो, त्यामुळे हा झोल मी दोन्ही बाजूंनी बघितलाय.

आमची टीम म्हणजे दरवर्षी इंटरकॉलेजिएटला जायचं, पहिल्या राउंडला हरायचं आणि येताना मरीन लाइन्सला पावभाजी खाऊन घरी. पीटीच्या सरांकडे क्रिकेट, कबड्डी, खोखो, कॅरम सगळं एकट्याकडे, बास्केटबॉलला ते फक्त एंट्री फॉर्मवर सही करायचे. कोर्ट सिमेंटचं, एका बाजूची रिंग पुढे झुकलेली, नेट नाहीच. आमच्या कॅप्टनची त्याच्या चाळीच्या मंडळातून साहेबांशी ओळख होती. 2016 च्या पावसाळ्यात तो एक दिवस सांगत आला की साहेब टीमला प्रोफेशनल कोच देतायत, कॉलेजला एक पैसा लागणार नाही. प्रिन्सिपॉल खुश, पीटी सर तर आमच्याहून खुश.

आणि कोच खरंच भारी निघाले, सगळा त्रास तिथेच आहे. सर नागपाड्याचे. मुंबईत बास्केटबॉल खेळलेल्या माणसाला नागपाडा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. अब्बास मुन्तसिर तिथलेच, भारताचे कॅप्टन, 1970 चं अर्जुन अवॉर्ड, आणि बच्चू खान यांनी तिथे पिढ्याच्या पिढ्या तयार केल्या. आमचे सर त्यातल्या कुठल्या मोठ्या नावात नव्हते, पण सवयी सगळ्या तिथल्या. आल्या आल्या त्यांनी बॉल काढून घेतला. बरेच दिवस नुसतं गुडघे वाकवून बाजूला सरकणं आणि पिव्हट, म्हणजे एक पाय रोवून जागेवर वळणं. पोरं वैतागली, दोन जण सोडून गेले. मग फ्री थ्रो, तेही सुइसाईड, म्हणजे कोर्टाच्या रेषांपर्यंत पळत जाऊन परत यायचे स्प्रिंट, मारून दम लागलेला असताना, दोन लागोपाठ पडल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. शॉट मारायला 24 सेकंद मोजणारं शॉट क्लॉक कुठून आणणार, तर सर बाहेर खुर्ची टाकून ते तोंडाने मोजायचे, हिंदीत, आणि 'बाईस, तेईस' एवढ्या जोरात ओरडायचे की वरच्या मजल्यावरच्या लेक्चरमधून निरोप यायचा. मला त्यांनी डाव्या हाताने ड्रिबल करायला शिकवलं, उजवा हात शॉर्ट्सच्या मागे खोचून ठेवायला लावायचे. त्या वर्षी इंटरकॉलेजिएटला आम्ही पहिला राउंड जिंकलो आणि दुसराही. तू हसशील, पण आमच्या कॉलेजात त्यावर नोटीस बोर्डला अभिनंदन लागलं होतं.

मग ऑक्टोबरमध्ये वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि साहेबांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. आता ज्याने वर्षभर पैसा ओतलाय तो काय घरी बसणार आहे का, आठवड्याभरात बॅनरवर साहेबांच्या शेजारी वहिनी आल्या, महिन्याभरात साहेब लहान आणि वहिनी मोठ्या. आमच्या जर्सीच्या पाठीवर साहेबांचं नाव आधीच छापलेलं, मग त्याच्यावर 'सौ.' लिहिलेली पट्टी शिवायचं ठरलं. मी नाही शिवली. नंबर झाकला जातो हे कारण दिलं.

11 जानेवारी 2017 ला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. कॅप्टन म्हणाला तू कॉमर्सचा आहेस, ऑफिसात बस. तिथे दोन गोष्टी असायच्या. एक रजिस्टर, निवडणूक अधिकाऱ्यांना दाखवायचं, त्यात चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, रिक्षा सगळं त्यांच्याच दरपत्रकातल्या दराने. आणि एक निळी लांबट डायरी, ती साहेबांच्या मेहुण्याकडे, त्यात खरं काय ते. मी रजिस्टरवाला. समोर जे बिल आलं त्याचं व्हाउचर करायचं आणि सही घ्यायची एवढंच माझं काम. सकाळच्या फेरीला गल्लीत माणसं मावायची नाहीत आणि माझ्याकडे बिल यायचं चाळीस वडापावचं. तेव्हा मुंबईत उमेदवाराला 10 लाखांची मर्यादा होती, आमचं रजिस्टर शेवटपर्यंत तिच्या बरंच खाली, अगदी सुशील. सरांचं मानधन त्यात कुठेच नव्हतं. मी मेहुण्यांना विचारलं तर म्हणाले, ते समाजकार्य, त्याचा निवडणुकीशी काय संबंध.

आणि कागदावर ते चूक बोलत नव्हते हे लक्षात घे. उमेदवाराचा खर्च मोजतात तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा. त्याच्या आधी तू कोच दे, शिलाई मशीन दे, काशीयात्रा घडव, ते कुठेच धरलं जात नाही. 2026 च्या निवडणुकीत तर कहरच झाला. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासक, आणि तेवढा सगळा काळ 227 वॉर्डांतले इच्छुक दहीहंडी, हळदीकुंकू, वह्यावाटप, अंडरआर्म क्रिकेट यावर खर्च करत बसलेले. आता मर्यादा 15 लाख झालीये, पण मोजणी सुरू झाली डिसेंबर 2025 च्या शेवटी अर्ज भरल्यावर. त्यात कॉलेजची बास्केटबॉल टीम लय स्वस्त पडते, दहीहंडीच्या एका स्टेजच्या खर्चात वर्षभराचा कोच निघतो, वर दहा-बारा उंच पोरं रॅलीत पुढे चालायला मिळतात.

तर रॅली. मतदान मंगळवारी, 21 फेब्रुवारीला. आदल्या रविवारी शेवटचा रोड शो आणि नेमकी त्याच दिवशी एका कॉलेजच्या फेस्टच्या टूर्नामेंटमध्ये आमची क्वार्टर फायनल. शुक्रवारी ऑफिसातून निरोप, पूर्ण टीम जर्सी घालून जीपच्या पुढे पाहिजे. सरांनी सरळ सांगितलं, मॅच आहे, टीम येणार नाही. बास, एवढंच बोलले. कॅप्टन तरीही सहा जणांना घेऊन गेला, म्हणाला सकाळी दोन तास चालायचं आणि दुपारी मॅच, काय होतंय. ढोल-ताशाच्या मागे फेब्रुवारीच्या उन्हात चार तास चालून ती पोरं आली, तिसऱ्या क्वार्टरला एकाच्या पोटरीत गोळा आला आणि सर मोजतायत बाईस, तेईस आणि आमच्याकडून शॉट जात नाहीये. हरलो. किती पॉइंटने ते लिहीत नाही.

23 ला निकाल, वहिनी पडल्या. त्या दिवसापासून मेहुण्यांचा फोन लागेना. सरांचं जानेवारीचंही मानधन बाकी आणि फेब्रुवारीचंही. मी ऑफिसात गेलो तर शटर अर्धं खाली, आतला माणूस म्हणाला साहेब गावाला गेलेत. आम्ही काही जणांनी वर्गणी काढून सरांना एका महिन्याचे पैसे दिले, त्यांनी ते घेतले आणि माझ्याकडे कोरा कागद मागून त्यावर रीतसर पावती लिहून दिली, रक्कम अक्षरी आणि अंकी. ती पावती माझ्याकडे अजून आहे. त्या सगळ्या सीझनमध्ये सरांच्या पैशाचा तेवढा एकच कागद झाला.

कॅप्टनने वर्गणी दिली नाही. आणि आज इतकी वर्षं झाली तरी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर निवडणुकीला त्याचं तेच, की साहेबांनी निदान सहा महिने कोच दिला, कॉलेजने काय दिलं? आणि वर हेही, की सर आणि तू रॅलीला आला असतास तर मानधन बुडलं नसतं. अरे, वहिनी काय आमच्या दोन डोक्यांनी पडल्या? आणि कॉलेजने काय दिलं हा प्रश्न त्याने कॉलेजला विचारायचा होता. प्रत्येक विद्यार्थ्याकडून दरवर्षी जिमखाना फी घेतात, फी पावतीवर वेगळी ओळ असते. काही हजार पोरं गुणिले ती फी, त्यातून कोच निघत नाही असं मला कोणी अजून हिशोब मांडून दाखवलेलं नाही. पण ते विचारायला प्रिन्सिपॉलच्या केबिनबाहेर ताटकळावं लागतं आणि साहेबांच्या ऑफिसात गेलं की बसायला खुर्ची आणि चहा मिळतो, म्हणून सगळे तिकडे जातात.

आता तुझं. निवडणुकीला आव्हान द्यायचं असेल तर निकाल जाहीर झाल्यापासून दहा दिवसांत लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) मुख्य न्यायाधीशांकडे जावं लागतं, आणि ते जिंकलेल्याच्या विरोधात. पडलेल्याच्या मागे कोण लागतंय? खर्चाचा हिशोब मात्र पडलेल्यालाही निकालापासून तीस दिवसांत द्यावा लागतो, नाही दिला तर पुढची तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवता येतं. तो हिशोब तू माहिती अधिकारात माग, दहा रुपयांचं काम आहे. प्रचाराच्या काळात तुमची टीम जर्सी घालून फिरली असेल तर तेवढा भाग तरी त्यात दिसायला हवा. दिसणार नाही, पण बघ. आणि तक्रारीत 'आम्हाला जर्सी, बॉल दिले' असं लिहिण्याआधी थांब, कारण मतासाठी काही देणं जसा गुन्हा तसं घेणंही, भारतीय न्याय संहितेत कलम 170 आहे. तुमच्यातली किती पोरं त्या वॉर्डात मतदार आहेत ते आधी बघ.

कोचचे पैसे तुम्ही द्या. टीम, माजी खेळाडू, सगळे मिळून, आणि पावती घ्या. बाकी राहिलेलं साहेबांकडून मिळेल ही आशा सोड. आणि तोपर्यंत कोचला वाईट बोलू नका. तो पण कोणाच्या तरी शब्दावर आला होता आणि रोज ट्रेनचे धक्के खात येत होता. नंतर जिमखाना फीचा हिशोब लेखी मागा. अनुदानित कॉलेज असेल तर तिथेही माहिती अधिकार लागू होतो. आमच्या कॅप्टनने हे 2016 ला केलं असतं तर सर आणखी दोन-तीन वर्षं टिकले असते आणि माझा डावा हात आजच्यापेक्षा बरा असता.

विनाअनुदानित असेल तर मात्र थेट अर्जाने काम होईलच असं नाही, मग विद्यापीठामार्फत विचारावं लागेल. आणि मी वकील नाही, अकाउंट्समध्ये नोकरी करतो, तेव्हा तारखा आणि कलमं एकदा जाणकाराकडून तपासून घे. सगळेच उमेदवार असे असतात असंही माझं म्हणणं नाही. एकाने हरल्यावरही शाळेच्या खोखो टीमचे बूट दिलेले मला माहितीयेत.

अजून एक, मार्चमध्ये आमच्याकडे साहेबांचा एक माणूस बॉल परत न्यायला आला होता. जर्सी त्याला नको होत्या, त्यावर 'सौ.' होतं. तुमच्याकडे आला तर बॉल देऊ नका, आणि मागितलेच तर म्हणावं मानधनाची बाकी आण आणि सही करून घेऊन जा.