पंपावरचे पोहे, रात्री अकरानंतर

प्रश्न : आदरणीय दादा, सप्रेम नमस्कार. आमच्या मुलाचा बायपासवर पेट्रोल पंप आहे. रात्री ट्रकवाले, पुण्याच्या स्लीपर बसवाले थांबतात आणि हटकून चहाचं विचारतात. म्हणून आम्ही ठरवतोय की रात्री अकरा ते पहाटे पाच चहा, पोहे, जमलं तर साबुदाणा खिचडी ठेवावी. पोहे माझ्या हातचे. माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तो म्हणतो, तिकडे पेट्रोल पंपावर रात्री अकरानंतर गरम चहा विकायला कौन्सिलचं लायसन्स लागतं, आधी बाहेर निळा कागद चिकटवावा लागतो. आपल्या नगर निगमचं असं काही असतं का? मुलगा म्हणतो, "आई, कुणी विचारत नाही, चहाची गुमटी लावून टाकू." काय करावं?
– सौ. वि., सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, मुलाचं खरं आहे. कुणी विचारत नाही. विचारतात ते काहीतरी घडल्यावर, आणि तेव्हा सगळे एकदम विचारतात.

आधी भाच्याचं सांगतो, कारण तो अगदी बरोबर बोलतोय. इंग्लंड-वेल्समध्ये २००३ चा लायसन्सिंग अ‍ॅक्ट आहे. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात लोकांना गरम खाणं किंवा गरम पेय विकायचं, तर कौन्सिलचा परवाना लागतो. गंमत अशी की त्या कायद्याचा सगळा जीव 'गरम' या एका शब्दात आहे. थंड सँडविच रात्रभर विका, कुणी हरकत घेणार नाही. तेच सँडविच मायक्रोवेव्हमध्ये फिरवून दिलंत की परवाना हवा. गिऱ्हाइकाने दुकानातल्या मायक्रोवेव्हमध्ये स्वतःच्या हाताने फिरवलं तरी हवा. म्हणजे तुमचे वाफेवरचे पोहे लेस्टरच्या पंपावर अकरा वाजून पाच मिनिटांनी बेकायदा, आणि चिवडा कायदेशीर! चहा फुकट पाजलात तर परवाना नको. गिऱ्हाइकाने मशीनमध्ये पैसे टाकले आणि मशीननेच थेट चहा दिला, तरीही नको.

निळा कागद म्हणजे अर्जाची जाहीर नोटीस. ती २८ दिवस बाहेर लावतात, म्हणजे शेजारपाजाऱ्यांना हरकत घेता येते. हरकत आली तर नगरसेवकांची समिती दोन्ही बाजू ऐकते. हरकतीची कारणं मात्र चारच : गुन्हे आणि दंगामस्ती, लोकांची सुरक्षितता, उपद्रव, आणि मुलांचं हित. 'माझ्या हॉटेलचा धंदा बुडेल' हे त्यात बसत नाही. अर्जाची फी जागेच्या करपात्र मूल्याप्रमाणे १०० ते ६३५ पौंड. २०१५ पासून कौन्सिलला वाटलं तर आपल्या हद्दीतल्या पेट्रोल पंपांना या परवान्यातून सूट देता येते. तेव्हा भाच्याला कधी तिकडे चहा विकायचा झालाच, तर त्याने आधी कौन्सिलला तेवढं विचारावं.

आता आपलं. आपल्याकडे प्रश्न घड्याळाचा नाही, शेगडीचा आहे. चहा दुपारी दोनला विका की रात्री दोनला, पंपावर पहिला सवाल एकच : तो तापतो कुठे?

पंपाचा परवाना निगम देतच नाही. तो पेट्रोलियम नियम २००२ खाली केंद्र सरकारची 'पेसो', म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेचं खातं बघणारी संस्था, देते. तिचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. त्या परवान्याबरोबर मंजूर नकाशा असतो. टाक्या, डिस्पेन्सर, व्हेंट पाइप, ऑफिसची खोली, सगळं मापासकट. त्यात बदल करायचा तर आधी मंजुरी. परवान्याच्या हद्दीत उघडी ज्योत चालत नाही. हे काही कागदी भय नाही. एक माझीच गोष्ट सांगतो.

मी निगमच्या लायसन्स शाखेत होतो तेव्हा एका पंपाच्या कुंपणाला लागून गुमटीचा अर्ज आला. फीत धरून मोजलं, गुमटी हद्दीच्या दीड हात बाहेर. मी फाइलवर 'हरकत नाही' लिहून मोकळा झालो. पुढे एकदा रात्री घरी जाताना स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला त्याच पंपावर थांबलो. टँकर खाली होत होता. अर्थिंगची वायर लावलेली, वाळूच्या बादल्या काढून ठेवलेल्या, डीलर स्वतः उभा. सगळं चोख. कुंपणापलीकडे आपला गुमटीवाला रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारत बसला होता.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते आणि खड्ड्यात, नालीत उतरून बसते. टाकीत पेट्रोल उतरतं तेव्हा आतली वाफ व्हेंट पाइपातून बाहेर ढकलली जाते. त्या पंपाच्या आवारातून एक उघडी नाली निघत होती आणि थेट गुमटीच्या पायाशी येत होती. फाइलमध्ये ती नाली कुठेच नव्हती, कारण मी फीत धरून खाली बघितलंच नव्हतं. मी धावत जाऊन स्टोव्ह विझवायला लावला. तो म्हणाला, "साब, आप ही ने तो पास किया है." उत्तर नव्हतं माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी गुमटी दूर हलवायला लावली. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. चहा मात्र फार चांगला करायचा.

तर कुंपणालगत गुमटी नाही. मुलाला हे माझं नाव सांगून सांगा.

रस्ता असा आहे. पहिल्यांदा तेल कंपनीच्या सेल्स ऑफिसरशी बोला. पंपावर खाण्यापिण्याचं दुकान काढणं कंपन्यांना आता नवं नाही, पण परवानगी लेखी हवी. तोंडी 'करो, करो' म्हणणाऱ्या साहेबाची बदली होते. दुकान कुठल्या खोलीत, ती खोली मंजूर नकाशात आहे का, नसेल तर पेसोकडे काय पाठवायचं, हे तिथेच कळेल.

मग निगम. पण बायपासवर हद्दीचा घोळ आहे. रस्त्याच्या एका अंगाला निगम आणि दुसऱ्या अंगाला ग्रामपंचायत, असंही निघतं. तुमच्या मालमत्ता कराची पावती कुणाची आहे ते बघा. निगमची असेल तर झोन ऑफिसातून खाद्य व्यवसायाचं ट्रेड लायसन्स काढा. पंपाचं आहे म्हणून चहाचं झालं असं समजू नका. दुकानाचा गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, तीही बघून घ्या. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना लागतो, ते उलाढालीवर ठरतं. अर्ज ऑनलाइन होतो, १४ आकडी नंबर मिळतो, तो दुकानात दिसेल असा लावायचा. पोहे तुम्ही सुदामानगरच्या स्वयंपाकघरात करून पाठवणार असाल तर त्या स्वयंपाकघराचाही विचार होतो, हे लोक विसरतात.

रात्रभर उघडं ठेवण्याचं म्हणाल तर इंदूरला रात्रीच्या खाण्याची सवय जुनीच. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर मध्यरात्र उलटेपर्यंत भुट्ट्याचा कीस आणि गराडू. पण सरकारी मन बदलतं. २०२२ मध्ये बीआरटीएस या जलद बसच्या रस्त्यावर चोवीस तास दुकानांना मुभा दिली होती, २०२४ मध्ये काढून घेतली. म्हणून फर्निचरवर आत्ताच मोठा खर्च करू नका.

आता पोह्यांचं. इंदुरी पोहे म्हणजे खाली उकळत्या पाण्याचं भगोनं आणि वर वाफेवर पोहे, हे मलाही ठाऊक आहे. पंपावर ते भगोनं विसरा. गॅसची निळी टाकीही नको, घरची लाल तर मुळीच नको. मंजूर खोलीच्या आत विजेचा हॉट केस आणि चहाचं मशीन ठेवा, वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. टँकर खाली होत असताना काउंटर बंद, हा नियम मुलाने स्वतः करावा. हॉट केसमध्ये पोहे दोन तासांत कोरडे पडतात, तेव्हा थोडे थोडे पाठवा. सेव आणि जीरावन वेगळं ठेवा. साबुदाणा खिचडीचा नाद सोडा. पहाटे तीनला तिचा जो गोळा होतो तो ट्रकवालासुद्धा खाणार नाही. आणि अखबारावर पोहे देऊ नका. छापील कागदात खाणं द्यायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे, आणि प्लास्टिकच्या प्लेटा-पेले २०२२ पासून बंद. ओला-सुका कचरा वेगळा ठेवावा लागतो हे इंदूरकराला मी काय सांगू.

प्रश्न : आमच्या घरामागे पंप आहे. रात्री दोनलाही चहा पिणाऱ्यांच्या गाड्या, हसणं, गाडीतले स्पीकर. वृद्ध सासूबाईंना झोप नाही. इंग्लंडसारखी हरकत घेता येते का?
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : तशी आधी घेता येत नाही. आपल्याकडे धंदा सुरू होतो तेव्हाच शेजाऱ्याला कळतं, आणि माझ्या मते इथे आपला कायदा तोकडा आहे. ३१ वर्षं फायली हलवल्यावर हे म्हणायला मला संकोच नाही. पण ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, आणि निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल. स्पीकर वाजत असेल तेव्हाच पोलिसांना फोन करा, सकाळी नाही. कचऱ्याचं निगमच्या ३११ अ‍ॅपवर फोटोसकट टाका.

त्याआधी एकदा दुपारी चारच्या सुमाराला, पंप रिकामा असताना, डीलरला भेटा. सासूबाईंना चालवत असेल तर त्यांनाही न्या. नाहीच ऐकलं तर पंपावर तक्रारवही असते, ती मागा. द्यावीच लागते. काउंटरवरच उभं राहून लिहा, तारीख आणि वेळ घाला, आणि मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून मगच वही परत करा.