आईबाबांचं ग्रीन कार्ड, राज्याचं बजेट आणि शेरीफचा तुरुंग

"आपले कागद पक्के आहेत, मग आपल्याला काय त्याचं?" इमिग्रेशनचे नियम कडक झाल्याची बातमी आली की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत असंच बोललं जातं. पण रस्त्यात अडवलेल्या माणसाचं तुरुंगात काय होईल आणि आईबाबांच्या औषधपाण्याला सरकारचा हातभार लागेल की नाही, यातलं बरंचसं राज्याच्या राजधानीत ठरतं.

आधी पैशाचं बघू. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कागद नसलेल्या सर्व वयाच्या गरिबांना मेडी-कॅल, म्हणजे तिथलं मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा), खुलं केलं. पुढच्याच वर्षी सुमारे 12 अब्ज डॉलरची तूट समोर आली आणि गव्हर्नर न्यूसम यांनी जानेवारी 2026 पासून अशा प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. इलिनॉयने कागद नसलेल्यांसाठीची 42 ते 64 वयोगटाची आरोग्य योजना 1 जुलै 2025 ला बंद केली. त्याआधी, 2024 मध्येच, पाच वर्षं न झालेल्या ग्रीन कार्डधारकांना तिथे वगळलं होतं, म्हणजे कायदेशीर आलेल्यांनाही. दुसरीकडे टेक्सासने मार्च 2021 पासून सीमेवरच्या 'ऑपरेशन लोन स्टार' या सुरक्षा मोहिमेवर 11 अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला. कपातीची कात्री ज्यांना मत नाही त्यांच्यावर आधी चालते, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

आता तुमच्या घरातलं. नागरिक झालेल्या मुलाने आईबाबांना ग्रीन कार्डवर आणलं, तरी 1996 च्या केंद्रीय कायद्यामुळे बहुतेक राज्यांत पहिली पाच वर्षं त्यांना मेडिकेड मिळत नाही. 2025 पर्यंत उत्पन्न अगदी कमी असलं तरी मार्केटप्लेसवर (सरकारी आरोग्य विमा बाजारात) अनुदानित विमा मिळायचा. 1 जानेवारी 2026 पासून ती वाट बंद झाली: उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली असेल तर अनुदान नाही. 2026 च्या विम्यासाठी दोघांच्या कुटुंबाची रेषा 21,150 डॉलर आहे.

इथेच लोक चुकतात. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि बँकेतल्या ठेवींचं व्याज 'भारतातलं' म्हणून फॉर्मवर लिहीतच नाहीत. ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतंच, आणि तेच मोजून दोघं रेषेच्या वर आले तर अनुदान मिळू शकतं. त्यासाठी आईबाबांनी स्वतःचं संयुक्त टॅक्स रिटर्न भरायला हवं. त्यांना तुमच्या रिटर्नवर अवलंबित दाखवलंत, तर तुमचा पगारही हिशेबात येतो आणि अनुदान बहुधा जातं. आकडा फुगवून मात्र लिहू नका. टॅक्स रिटर्न भरताना हिशेब जुळवला जातो.

65 पुढच्यांना सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) विकत घेता येतं. पात्र होण्याचा महिना धरून आधीचे तीन आणि नंतरचे तीन, अशा सात महिन्यांत अर्ज करा. उशीर झाला तर हप्त्यावर दंड बसतो. या पाच वर्षांत भारतात लांबचा मुक्काम टाळा, 'सलग' शब्दावरच अर्ज अडतात.

फ्लोरिडात मेडिकेड घेणाऱ्या रुग्णालयाच्या फॉर्मवर 2023 पासून इमिग्रेशनची स्थिती विचारतात. 'उत्तर देत नाही' हा पर्यायही तिथे असतो, आणि त्याने उपचार थांबत नाहीत.

आता रस्ता. फ्लोरिडात सर्व 67 काउंट्यांच्या शेरीफनी (काउंटीच्या पोलीस प्रमुखांनी) इमिग्रेशन खात्याशी 287(जी) करार केले आहेत, म्हणजे त्या खात्याचं काही काम स्थानिक पोलीसच करतात. टेक्सासमध्ये तुरुंग चालवणाऱ्या काउंट्यांच्या शेरीफना 1 जानेवारी 2026 पासून लागू झालेल्या कायद्याने तसाच करार सक्तीचा आहे. कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि न्यू जर्सीत मात्र स्थानिक पोलिसांच्या मदतीवर मर्यादा आहेत. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मित्राचा अनुभव टेक्सासमधल्या डॅलसमध्ये उपयोगी पडेलच असं नाही.

एच-1बी वाल्यांचं लायसन्स बहुतेक राज्यांत आय-94 च्या (देशात प्रवेशाच्या नोंदीवरच्या मुक्कामाच्या शेवटच्या) तारखेला संपतं. मुदतवाढ प्रलंबित असताना 240 दिवस काम करता येतं, पण लायसन्स आपोआप वाढत नाही. संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवताना अटक झाली, तर करार असलेल्या तुरुंगात स्थितीची चौकशी ठरलेलीच. मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच आय-797 ची पावती (मुदतवाढीचा अर्ज मिळाल्याची) घेऊन डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या कचेरीत, जा.

तिथे 'सेव्ह' या इमिग्रेशन स्थिती पडताळण्याच्या केंद्रीय प्रणालीत नाव जुळलं नाही की काम लटकतं. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. आय-94 वर एक गळतं, लायसन्सवर मधलं नाव वेगळं पडतं. परदेशातून आल्यावर लगेच आय-94 उतरवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक असेल तर विमानतळाच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कचेरीतून दुरुस्त करून घ्या. काम लटकलंच तर डीएमव्हीकडून केस क्रमांक मागून घ्या, म्हणजे ऑनलाइन तपासता येतं.

अटक झालीच तर वकिलाशिवाय कशावरही सही करू नका. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवायचा हक्क आहे, पण भारतीयांच्या बाबतीत ते आपोआप होत नाही. "माझ्या दूतावासाला कळवा," हे स्वतः मागावं लागतं.