फायब्रॉइड इस्ट्रोजेनमुळेच वाढतो का?

तुमचा प्रश्न असा: गर्भाशयातली गाठ (फायब्रॉइड) वर्षभरात ४ सेंमीची ५ सेंमी झाली, रक्तातलं इस्ट्रोजेन मात्र नॉर्मल. मग ती वाढली कशाने?

आधी आकड्याचं बघू. व्यास ४ वरून ५ झाला की घनफळ जवळजवळ दुप्पट होतं (४ चा घन ६४, ५ चा घन १२५). पण सोनोग्राफीत मोजणाऱ्यागणिक काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून दोन्ही रिपोर्टमधली लांबी, रुंदी, जाडी ताडून बघा.

प्रत्येक गाठ गर्भाशयाच्या स्नायूतल्या एकाच बिघडलेल्या पेशीपासून तयार होते. साधारण ७० टक्के गाठींत हा बिघाड एमईडी१२ या जनुकात सापडतो. २०११ मध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला. बऱ्याच वेळा जनुकाच्या ४४व्या कोडॉनमधलं (कोडॉन म्हणजे डीएनएतला तीन अक्षरांचा शब्द) एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे सीडीके८ या एन्झाइमचं काम मंदावतं आणि कोणती जनुकं किती चालावीत याचा ताळमेळ बिघडतो. एचएमजीए२ या दुसऱ्या जनुकातल्या बिघाडाच्या गाठी वेगळ्या. त्या बहुधा एकट्या आणि मोठ्या असतात.

आता हार्मोन. सगळा दोष इस्ट्रोजेनवर टाकायची सवय आहे, पण ते अर्धंच खरं. इस्ट्रोजेन पेशीत प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर, म्हणजे त्या हार्मोनचा निरोप घेणारी प्रथिनं, तयार करवून घेतं. वाढीचा खरा हुकूम प्रोजेस्टेरॉनचा. माणसाच्या फायब्रॉइडचे तुकडे उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली बसवले, तेव्हा नुसत्या इस्ट्रोजेनवर ते वाढले नाहीत. जोडीला प्रोजेस्टेरॉन दिल्यावर वाढले, प्रोजेस्टेरॉन बंद केल्यावर आक्रसले. शिवाय गाठीत अरोमाटेज एन्झाइम असतं, म्हणजे ती स्वतःपुरतं इस्ट्रोजेन जागच्या जागी बनवते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हे दिसणारच नाही. त्यामुळे गाठ का वाढली हे शोधायला ती तपासणी पुन्हापुन्हा करण्यात अर्थ नाही.

गाठीतल्या स्टेम पेशींत (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींत) हे हार्मोन रिसेप्टर फारच कमी असतात. शेजारच्या प्रौढ पेशी हार्मोन ओळखतात आणि रँकएल, डब्ल्यूएनटी अशा प्रथिनांमार्फत स्टेम पेशींना विभाजनाचा निरोप देतात.

वाढलेला आकार सगळा पेशींचाही नसतो. टीजीएफ-बीटा३ या वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या प्रभावाखाली पेशी आपल्याभोवती कोलॅजन आणि फायब्रोनेक्टिन ही तंतुमय प्रथिनं ओतत राहतात, तेही अस्ताव्यस्त. कापलेली गाठ रबरासारखी कडक लागते ती यामुळेच. हा कडकपणा पेशी इंटिग्रिन या आपल्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांमार्फत ओळखतात आणि आणखी कोलॅजन बनवतात. बीजांडकोशाचे हार्मोन थोपवणाऱ्या जीएनआरएच गटातल्या औषधांनी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन खाली गेले की गाठ लहान होते, पण स्टेम पेशी शिल्लक राहतात. औषध थांबलं की काही महिन्यांत गाठ पुन्हा वाढू लागते.

पाळी कायमची बंद झाल्यावरही गाठ वाढत असेल तर थांबू नका, दाखवून घ्या. तसंच कमी वयात बऱ्याच गाठी, त्वचेवर दुखणाऱ्या लहान गुठळ्या आणि कुटुंबात मूत्रपिंडाचा कर्करोग असेल, तर एफएच जनुकाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.